सायकल सरळ जाते की गोल?

चिपळूणहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "मुलगा साडेपाच वर्षांचा, सीनियर केजीत आहे. शाळेतून हालचालींच्या प्रकारांचा एक कागद आला होता. डावीकडे झोका, पंखा, आगगाडी, सायकल, फुलपाखरू. उजवीकडे सरळ, गोल, झुलणारी, वेडीवाकडी. जोड्या लावायच्या. याने सायकलपासून दोन रेघा काढल्या, एक 'सरळ'कडे आणि एक 'गोल'कडे. बाईंनी लाल फुली मारली. तेव्हापासून तो 'मला हे येत नाही' म्हणतो आणि असला कागद दिसला की उठून पळतो. एरवीही तो एका जागी बसत नाही. घरी त्याला हे कसं शिकवू? यासाठी खेळण्यांचा संच विकत मिळतो, तो घेऊ का? नावं आतापासून पाठ करून घ्यायची का? आणि धाकटी दीड वर्षांची आहे, ती सगळ्यात मध्ये मध्ये येते, तिचं काय करू?"

ताई,

आज संध्याकाळी तो कागद घेऊन त्याच्याजवळ बसा आणि सांगा, "तुझ्या दोन्ही रेघा बरोबर आहेत." समजूत काढण्याच्या सुरात सांगू नका, कारण ते खरंच आहे. सायकल रस्त्यावरून सरळ जाते आणि तिची चाकं गोल फिरतात. पायडल गोल फिरतं, चालवणाऱ्याचे गुडघे वर-खाली होतात. साडेपाच वर्षांच्या मुलाला एकाच वस्तूत दोन हालचाली दिसल्या, म्हणजे त्याने सायकल मन लावून पाहिली आहे. ही नजर पुढे विज्ञान शिकताना त्याच्या उपयोगी पडणार आहे, ती लाल फुलीखाली दबू देऊ नका.

बाईंवरही राग धरू नका. वर्गभर मुलांचे कागद तपासायचे असतात आणि त्यांच्या हातातल्या उत्तरात एकच रेघ असणार. अडचण कागदाच्या प्रश्नात आहे. "ही वस्तू कशी हलते?" असं विचारलं की मूल गोंधळणारच. "हिचा कुठला भाग कसा हलतो?" असं विचारलं की सगळं सुटसुटीत होतं. पंख्याचं पातं गोल फिरतं, पण टेबलफॅनची मान डावी-उजवी होते. आगगाडी 'सरळ' म्हणावी, तर रुळाला वळण आलं की तीही वळते. घरातला सगळा अभ्यास तुम्ही या दुसऱ्या प्रश्नाभोवती करा.

त्यासाठी टिकल्यांचं एक पाकीट पुरे.

त्याची सायकल अंगणात उलटी करून सीटवर उभी ठेवा. पायडलवर एक मोठी लाल टिकली लावा, चाकाच्या एका स्पोकला लाल लोकरीचा तुकडा बांधा, एक टिकली सीटच्या कडेला लावा. आता हाताने पायडल फिरवायचं आणि फक्त टिकलीकडे बघायचं. "टिकली कुठून निघाली? कुठे गेली? परत आली का?" बोटाने हवेत तिची वाट काढायला सांगा. पायडलच्या टिकलीची वाट गोल निघेल. सीटवरची टिकली हललीच नाही, हेही त्याच्या लक्षात येऊ द्या. मग सायकल सरळ करून तुम्ही ती हळूहळू ढकला आणि त्याला बाजूने चालू द्या. आता सीटवरची टिकली कुठे चालली? मघाशी जागची न हललेली टिकली आता सरळ निघाली आहे. सायकल उलटी असताना साखळीत आणि स्पोकमध्ये बोट जाणार नाही, एवढं मात्र सतत जवळ राहून सांभाळा.

मग टिकली घरभर लावत सुटायचं. दाराच्या कडेला, कपाटाच्या खणाला, शिवणयंत्राच्या चाकाला, जात्याच्या खुंट्याला, रवीच्या दांड्याला. खण उघडताना टिकली सरळ पुढे येते आणि सरळ मागे जाते. दार उघडताना ती गोलाचा एक तुकडा काढते, पूर्ण गोल कधीच नाही. रवीची टिकली थोडी इकडे फिरते, थोडी तिकडे. मुलं इथे स्वतःच भांडायला लागतात: "हा गोल आहे." "नाही, अर्धाच आहे." भांडू द्या. तुम्ही निकाल देऊ नका, "परत करून बघ" एवढंच म्हणा. तो काय शिकतोय ते तुम्हाला त्याच्या बोटाच्या वाटेवरून कळेल, तोंडी परीक्षेची गरज पडणार नाही.

आता त्याच्या एका जागी न बसण्याबद्दल. त्याबद्दल तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण या विषयासाठी अशा मुलासारखा विद्यार्थी नाही. या वयात हालचाल आधी अंगाला कळते आणि मग डोळ्यांना. म्हणून वस्तूंच्याही आधी त्याला स्वतःला हलू द्या. लादीच्या रेघेवरून पाऊल न चुकवता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. खांबाला एका हाताने धरून भोवती फिरायचं. मग खांब सोडून जागच्या जागी गिरकी घ्यायची. खांबाभोवती फिरताना आपण अख्खे जागा बदलत जातो, गिरकीत पाय तिथेच राहतात आणि समोरचं घर मात्र गरगर फिरतं. या दोन्हींना मोठी माणसं सरसकट 'गोल' म्हणून टाकतात, पण त्या वेगवेगळ्या आहेत आणि मुलांना तो फरक चक्कर येते तेव्हा नेमका कळतो. त्याला विचारा, "चक्कर कशात जास्त आली?" मग तुम्ही दोघं फुगडी घाला. फुगडीत तुमच्या दोघांच्या मध्ये एक जागा अशी असते, जिच्याभोवती तुम्ही दोघं फिरता. तिथे जमिनीवर खडूची खूण करा आणि पुन्हा घाला.

अंगणात पोफळी असतील तर पडलेली विरी, म्हणजे झावळीचं रुंद चिवट बूड, आणा. तिच्यावर त्याला बसवून ओढा. हे घसरणं. नंतर त्याच अंगणात एक नारळ घरंगळत सोडा. विरी आणि नारळ, दोन्ही पुढेच गेले, पण विरीवर लावलेली टिकली वरच राहिली आणि नारळावरची वर-खाली होत गेली. पुढे जाण्याच्या या दोन तऱ्हा त्याला एकदा अंगाने आणि एकदा डोळ्यांनी कळल्या, की उतार, चाक, ब्रेक हे सगळं पुढे सोपं जातं.

कोकणातल्या घरात पडवीला झोपाळा असतो. तुमच्याकडे असेल तर तुम्हाला कुठल्याही संचाची गरज नाही. झोका हलका सोडा आणि तो मधल्या जागेवरून जाताना टाळी वाजवायला सांगा. टाळ्या एकसारख्या अंतराने पडतात. आता आजीला शेजारी बसवा. सोडण्यापूर्वी विचारा: "आजी बसल्यावर झोका लवकर परत येईल की उशिरा?" मुलं ठामपणे काहीतरी सांगतात, बहुतेक मुलं 'उशिरा' म्हणतात. टाळ्या मात्र जवळजवळ पूर्वीच्याच लयीत पडतात. झुलणाऱ्या वस्तूला जाऊन परत यायला लागणारा वेळ तिच्या वजनावर अवलंबून नसतो, तो ती किती लांबीवर टांगली आहे त्यावर ठरतो. गॅलिलिओने १६०२ साली एका पत्रात लंबकाच्या एकसारख्या लयीबद्दल लिहिलं होतं. तुमच्या मुलाला ती आजीच्या मदतीने कळेल.

झोपाळा नसेल तर दोरीला लिंबू बांधून दाराच्या चौकटीला टांगा. साधारण एक मीटर लांबीवर टांगलेलं लिंबू जाऊन परत यायला सुमारे दोन सेकंद घेतं. दोरी पाव मीटरची केली की सुमारे एक सेकंद. दोन लिंबं शेजारीशेजारी टांगा, एक लांब दोरीवर आणि एक आखूड, आणि एकदम सोडा. आखूड दोरीवरचं लिंबू दोन फेऱ्या करतं तेवढ्यात लांबवाल्याची एक होते. सेकंद, मीटर हे सगळं तुमच्यासाठी आहे, त्याला नका सांगू. त्याने फक्त "छोट्या दोरीचं लिंबू पळतंय" असं म्हटलं तरी भरपूर झालं. लिंबाच्या जागी बटाटा बांधून बघायची इच्छा त्यालाच होईल.

त्याच दोरीवर कागदाचा कोन टांगा, त्यात रांगोळी भरा, टोकाला बारीक छिद्र पाडा आणि खाली गडद रंगाचं कापड पसरा. कोन हळूच सोडला की खाली रेघ उमटते, जाते-येते, जाते-येते. थोडा बाजूला धक्का देऊन सोडला तर रेघेऐवजी लांबट अंडाकृती उमटायला लागते आणि आत आत येत लहान होत जाते. एरवी हालचाल होऊन जाते आणि मागे काही उरत नाही. इथे ती कापडावर उरते, म्हणून मुलं या खेळापाशी खूप वेळ थांबतात. एका जागी न बसणारा तुमचा मुलगा इथे बसलेला दिसला तर त्याला हाक मारू नका.

आता चहाचे दोन कागदी कप घ्या, कारण यातली गंमत फार सुंदर आहे. एक कप आडवा ठेवून ढकला. तो सरळ जातच नाही, वळत वळत गोल घेतो. बुडाची बाजू अरुंद, तोंडाची रुंद. एका फेऱ्यात रुंद बाजू जास्त अंतर कापते, अरुंद बाजू कमी, म्हणून कप अरुंद बाजूकडे वळतो. ढकलण्यापूर्वी विचारा, "कुठल्या बाजूला वळेल?" आणि तो सांगेल तिथे एक डबी ठेवा, म्हणजे नेम लागला की चुकला ते त्याचं त्यालाच कळेल. त्याला वळणाचा नेम साधता यायला लागला की दोन्ही कपांची बुडं एकमेकांना चिकटवा आणि हा जोडकप ढकला. आता तो सरळ जातो. 'सरळ' आणि 'गोल' हे वस्तूच्या अंगावर कायमचे लिहिलेले नसतात, आकार बदलला की हालचाल बदलते, हे साडेपाच वर्षांच्या मुलाला इतक्या सहज दाखवणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

वेड्यावाकड्या हालचालीला फार वेळ देण्याची गरज नाही. फुगा फुगवून गाठ न मारता सोडून द्या आणि त्याला पकडायला लावा. पुन्हा सोडा. दोन्ही वेळची वाट वेगळी होती का, एवढं विचारा. भिंतीवरची मुंगी, दिव्याभोवतीचा किडा रोज समोर असतातच.

भोवरा जाळी म्हणजे दोरी गुंडाळून फेकायला या वयात हात पुरत नाही, सातव्या-आठव्या वर्षापर्यंत थांबा. तोवर पुठ्ठ्याची चकती कापून मधोमध आगपेटीची जळकी काडी खोचा आणि ती बोटांनी फिरवू द्या. चकतीवर एक टिकली लावली की फिरताना टिकलीचं कडं दिसतं. वेग कमी झाला की ही भिंगरी डुलायला लागते, म्हणजे स्वतःभोवती फिरता फिरता तिचं डोकंही गोल फिरतं. कधी ती टेबलावरून सरकतही जाते. एका चकतीत तीन हालचाली. तुमच्या मुलाला त्या तिन्ही दिसतील, मला खात्री आहे.

आणि आता त्याच्या दोन रेघांसाठी मुद्दाम राखून ठेवलेला खेळ. जाड पुठ्ठ्याची बशीएवढी गोल चकती कापा. एक छिद्र बरोबर मधोमध पाडा, दुसरं कडेच्या जवळ, पेन्सिलीचं टोक जाईल एवढं. भिंतीवर मोठा कागद चिकटवा आणि त्याच्या खालच्या कडेला पाट उभा धरा. चकती पाटाच्या कडेवरून घसरू न देता घरंगळत न्यायची. हे दोघांचं काम आहे, तुम्ही चकती चालवा, पेन्सिल त्याच्या हातात द्या. पेन्सिल मधल्या छिद्रात असेल तर कागदावर सरळ रेघ उमटते. कडेच्या छिद्रात असेल तर एकापुढे एक कमानी उमटतात, पुलाच्या कमानींसारख्या. चकती तीच, चाल तीच. चाकाची मधली जागा सरळ चालली आहे आणि कडेची जागा गोल फिरता फिरता पुढे चालली आहे. त्याने कागदावर काढलेल्या दोन रेघा याच होत्या. ते चित्र त्याच्या नावासह भिंतीवर राहू द्या.

बाईंना भेटायला जाल तेव्हा हे चित्र आणि ती चकती बरोबर न्या. तक्रार म्हणून काही बोलू नका. "घरी आम्ही हे करून बघितलं, वर्गात मुलांना आवडेल का?" असं विचारा. मुलालाच चकती चालवून दाखवू द्या. बहुतेक शिक्षकांना वर्गात करता येईल असं काहीतरी हवंच असतं आणि हातात चकती घेतली की त्या फुलीबद्दल वेगळं बोलावं लागत नाही. बाईंनी ऐकलं नाही तरी तुमच्या मुलाने ज्या माणसाला उत्तर चुकलं असं वाटलं त्याच्यासमोर शांतपणे करून दाखवलं, हे त्याच्या वाट्याला येऊ द्या.

विकतचा संच घेऊ नका. त्यात झोका, उतार आणि चाकं वेगवेगळ्या खणांत बसवलेली असतात आणि मुलाला जोडून बघायला फार कमी उरतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, तिथून पुढे कोसबाडला, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी मुलांसाठी त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं यांतून शिक्षणाची साधनं उभी केली आणि शाळा मुलांच्या अंगणात नेली. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी बनवून दाखवली. त्यांच्या संकेतस्थळावर ती फुकट बघायला मिळतात, मराठीतूनही. आठवड्याला एक निवडा आणि मुलाबरोबर बसून बनवा. पैसे खर्च करायचेच असतील तर कधी सावंतवाडीला जाणं झालं की चितार आळीतून एक लाकडी भोवरा आणा. तो त्याला दोन वर्षांनी लागणारच आहे.

नावं पाठ करून घेऊ नका. रेषीय, वर्तुळाकार, आंदोलित, नियतकालिक, यादृच्छिक ही सगळी नावं बालभारतीच्या सहावीच्या सामान्य विज्ञानात येतात. मधे अजून बराच काळ आहे. आता त्याच्याशी बोलताना घरातले शब्द भरपूर वापरा: नारळ घरंगळला, विरी घसरली, झोपाळ्याने हेलकावा घेतला, भिंगरी डुलली, चेंडू उसळला, पान भिरभिरत खाली आलं. हे शब्द वेगवेगळ्या हालचालींसाठी आहेत हे त्याला ऐकून ऐकूनच कळतं. त्याने स्वतः एखादं नाव पाडलं, लंबकाला 'टिकटिक' म्हणाला किंवा जोडकपाला 'शहाणा कप', तर तुम्हीही तेच वापरा. सहावीत पुस्तकातलं नाव भेटेल तेव्हा त्याला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीला ते लावायचं असेल, एवढंच काम उरेल.

रोज किती वेळ? त्याला हवा तेवढा. एका संध्याकाळी एकच गोष्ट करा आणि तो "अजून एकदा" म्हणतोय तोवर करू द्या. तो उठला की सामान आवरा. हे सगळं एका रविवारी उरकायला गेलात तर पुन्हा कागदच झाला.

धाकटीचं. दीड वर्षाच्या मुलीला मध्ये यायचंच असतं, तर तिला तिचा वाटा द्या. डब्यांची झाकणं घरंगळवायला, खोकं ढकलायला, खोक्यात बसून ओढून घ्यायला. घरात जुना पांगुळगाडा असेल तर त्याच्या चाकाला लोकर बांधा आणि दादाला सांगा, ती चालवताना लोकर कशी फिरते ते बघून सांग. त्याला मोठेपण मिळतं आणि ती खूश राहते. टिकल्या, गोट्या, बटणं, फुगे आणि फुटक्या फुग्याचे तुकडे मात्र तिच्या हाती लागू देऊ नका, या वयात सगळं तोंडात जातं. आणि फुगडी बघून ती हात पुढे करेल, तेव्हा तिला मनगटांना धरून गरगर फिरवू नका किंवा उचलूही नका. एवढ्या लहान मुलांचं कोपराजवळचं हाड ओढ बसली की जागेवरून सहज सरकतं. काखेत दोन्ही हात घालून उचला आणि मग फिरवा. घरी आलेले पाहुणे लाडाने हेच करतात, त्यांनाही आधीच सांगून ठेवा.